न मागितलेला दाखला

शैलाताईनं हात मागं घेतला.

मी पट्टा अर्धा गुंडाळला होता. बीपीच्या मशीनचा पट्टा. रोज सकाळी नाश्त्याच्या आधी मी व्हरांड्यात टेबल लावत होती आणि ज्याले पायजे तो येऊन बसत होता. त्या दिवशी पहिली शैलाताई. तिनं बाही वर केली, हात टेबलावर ठेवला. मंग माझ्याकडं एकदा पाह्यलं आणि हात ओढून पदराखाली घेतला. पट्टा सुटून टेबलावर पडला.

"राहू द्या सिस्टर," ती म्हणाली. "मुलानं मशीन घेऊन दिलीय. आता घरचीच वापरीन."

घरची म्हणजे खोलीतली. तिचं घर म्हणजे माझ्या दारासमोरची खोली.

तिच्या मागं जे उभे होते त्याईलेही मंग कामं आठवली. एकाची आंघोळ राह्यली होती. एका बाईले पोरीचा फोन येणार होता. कोणी वाईट बोललं नाई. कोणी तोंड वाकडं केलं नाई. रांग होती आणि मंग नव्हती, एवढंच. मी पट्टा गुंडाळला, डब्यात ठेवला, टेबल आत घेतलं. मले राग आला नाई. रडू आलं नाई. झोपेत अंगाखाली दबून हात बधिर होते, तसं सगळं अंग झालं होतं. मी नाश्त्याले गेली आणि पोहे खाल्ले. पोहे खारट होते, हे मले आजही आठवते.

आदल्या दिवशी काय झालं होतं ते सांगते. त्याच्याआधी जागा सांगते.

चंद्रपूरहून भद्रावतीकडं जाताना रस्ता सोडून आत गेलं का आमची वस्ती लागते. म्हाताऱ्या माणसाईची. वृद्धाश्रम म्हणायचं नाई. म्हटलं का मॅनेजर साहेबाले लागते. सीनियर लिव्हिंग म्हणा, म्हणते. बरं बाप्पा, सीनियर लिव्हिंग. कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले साहेब, बँकेतले, कॉलेजातले, एक सरकारी वकील. आणि मी. मी नर्स होती. गडचिरोलीच्या जंगलात नोकरी गेली, धानोरा, एटापल्ली, तिकडं. नवरा वारला. पोरगी हैदराबादले. गोंडपिपरीकडच्या गावात एकटी राहत होती, एक दिवस न्हाणीत पडली आणि दुपारपर्यंत तशीच पडून होती. तेव्हा ठरवलं, आता जिथी आवाज दिला का कोणी येईल अशा जागी राहाचं. माझ्या पेन्शनीत राहते मी. कोणाच्या सवलतीत नाई. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर लोकाईनं तेही पुसलं.

तर या वस्तीचं एक ॲप होतं. लेकरं पुण्याले, अमेरिकेले. त्याईले घरबसल्या दिसलं पायजे, आईनं गोळी घेतली का, बाबाची शुगर किती. म्हणून आम्हा सगळ्याईचे कागद स्कॅन करून त्या ॲपात टाकले होते. ते कोणीतरी फोडलं. का उघडंच राह्यलं होतं, हे अजून कोणी धड सांगत नाई. एक लिंक फिरून राह्यली होती. दाबली का आमची सगळ्याईची नावं, नावावर दाबलं का आतले कागद. आमच्याच ग्रुपवर बँकेतल्या साहेबानं ती टाकली. वर लिहिलं, "सावध राहा, आपली माहिती लीक झाली आहे." सावध करताना लिंकही सोबत पाठवली. आता काय म्हणाव या माणसाले.

सगळ्याईनं पहिले आपलं पाह्यलं. मंग शेजाऱ्याचं.

कोण रात्री डायपर लावते ते समजलं. कोण डोक्याच्या गोळ्या खाते ते समजलं. एकाच्या लेकानं लिहून दिलं होतं का बाबाच्या हाती फोन देऊ नका, कुठीही लावत बसते. ते बाबाले त्या दिवशी समजलं. तो माणूस दोन वेळ जेवाले आला नाई. आणि माझ्या नावावर दाबलं तर आधार, पेन्शनचा कागद, शुगरचे रिपोर्ट, आणि सगळ्यात खाली जातीचा दाखला. महार. नवबौद्ध. सोबत व्हॅलिडिटी.

मी लपवलं नव्हतं. कोणी पुसलं नव्हतं. माझं आडनाव असं आहे का दोन्हीकडं चालते, आणि सगळे मले सिस्टरच म्हणत. माझ्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती. पण बुद्ध आजकाल सगळ्याईकडं आहे. शैलाताईच्या खोलीतही आहे, टीव्हीच्या बाजूले, शोभेचा. माझी मूर्ती पाहून ती म्हणाली होती, "अगं बाई, सेम टू सेम." तिले वाटलं, मीही शोभेलेच ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं हात मागं घेतला.

आठवड्याभरात फोन येऊ लागले. कॉलेजातल्या सराले पेन्शन ऑफिसचा म्हणून फोन आला. फोनवाल्याले त्याचा पेन्शन नंबर पाठ होता. लोक घाबरले. मंग जेवणाच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. मॅनेजर साहेब उभे राहून सॉरी म्हणाले, कंपनीची चूक आहे म्हणाले, आम्ही पाहून राह्यलो म्हणाले. ज्याले जे पुसाचं ते पुसा. मीही हात वर केला.

"माझ्या जातीचा दाखला त्या ॲपात काऊन टाकला?" मी पुसलं.

मॅनेजर हसला. वाईट हसला नाई. लहान लेकराले समजावतात तसा.

"मॅडम, आम्ही आधार, पेन्शन आणि मेडिकल फाइल एवढंच मागितलं होतं. जातीचा दाखला कोणी मागितला? तुम्हीच दिला."

मागून आवाज आला, "सवय असते हो त्यांना. सगळीकडं लावायची."

आवाज ओळखीचा होता. कोणाचा ते सांगत नाई. रोज बीपी पाहून घेणाराच होता. लोकाईले हसू आलं. मोठं नाई, घशातल्या घशात. मंग चहा आला. मी खाली बसली आणि चहा घेतला.

सवय होती. खोटं काऊन बोलू.

नर्सिंगले नंबर लागला तेव्हा माझ्या बापानं तहसीलीतून तो दाखला आणला होता. त्याच्यासाठी किती खेटे घातले ते त्याले माहीत. प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळून त्यानं माझ्या हाती दिला. "बाई," म्हणे, "कुठीही जाशीन तं हा कागद संगं ठेवजो. कोणी म्हणन आणला नाई, तं दारातूनच वापस करन." बाप मजूर माणूस, अंगठेबहाद्दर. पण त्याले ऑफिस समजत होतं. ट्रेनिंगले तो कागद लागला. नोकरीले लागला. बढतीले लागला. पोरीच्या फीले, पोरीच्या हॉस्टेलले. एकदा नाई लावला तं बाबूनं अख्खा गठ्ठा परत फेकला होता, एटापल्लीहून गडचिरोली पुन्हा बसनं येणं पडलं. तेव्हापासून कोणी कागदपत्रं मागितली का हात आपोआप तोच गठ्ठा काढते. आधार, पेन्शन, आणि खाली दाखला. झेरॉक्सवर सही करून. तुम्हा लोकाईच्या घरात असा गठ्ठा नसते. म्हणून तुम्हाले हसू येते.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. तिले सगळं सांगतलं. ती ऐकत राह्यली, आणि मंग तीही तेच म्हणाली.

"आई, पण तू तो कागद दिला काऊन?"

तिथी मले लागलं. मॅनेजरचं नाई लागलं, मागच्या आवाजाचं नाई. माझ्या पोरीचं लागलं. सगळे मलेच पुसून राह्यले होते का दिला काऊन. त्याईनं ठेवला काऊन, हे कोणी पुसत नव्हतं. फोडला त्याले कोणी पुसत नव्हतं. वाचून हात मागं घेतला, तिले तं कोणीच नाई. "सोडून दे, इथी ये हैदराबादले," पोरगी म्हणाली. मी म्हटलं पाहते.

मंग मी काहीच केलं नाई बरेच दिवस. टेबल लावलं नाई. जेवाले जात होती, ताट घेऊन बसत होती. माझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहे. कोणी मुद्दाम सोडत नव्हतं, असं म्हणता येत होतं. वाढणारी बाई वाढत होती, मी खात होती. झोप लागत होती. सकाळ होत होती. दुःख आहे का नाई, हेही समजत नव्हतं. जंगलात मी मेलेली लेकरं हाती घेतली आहे, तेव्हा रडली होती. इथी नाई.

वकील साहेबानं तेवढ्यात कामाले हात घातला. रिटायर सरकारी वकील, आमच्यातला सगळ्यात समजदार माणूस. त्यानं हॉलमध्ये बसवून समजावून सांगतलं का आपल्याले काय काय करता येते. पोलिसात सायबरची तक्रार, ती आधी, कारण फसवणुकीचे फोन चालू आहे. नवा डेटाचा कायदा आहे, पण त्यात पहिले संस्थेलेच लेखी कळवणं लागते, मंग दिल्लीच्या मंडळाकडं. तो कायदाही अजून पुरता लागू झाला नाई, आणि दंड झाला तरी तो सरकारात जमा होते, आपल्या हाती काही पडत नाई. भरपाईसाठी आयटीचा जुना कायदा आहे, त्याचा अधिकारी मुंबईले. आणि चौथा रस्ता ग्राहक आयोग, इथीच चंद्रपुरात. आपण इथी पैसे देऊन राहतो, कागद सांभाळणं हेही त्याईच्या सेवेतच येते, ते सांभाळले नाई ही सेवेतली त्रुटी. सगळे मिळून एक तक्रार करू, म्हणाले. लोकाईनं माना हलवल्या. मीही हलवली.

तक्रारीचा कागद तयार झाला. सही कराच्या आधी मी वाचाले मागितला. आधार होतं त्यात. बँक, पेन्शन होतं. आजाराची माहिती होती, डायपरचंही होतं, सभ्य शब्दात. जातीचं नव्हतं.

मी वकील साहेबाच्या खोलीत गेली.

"माझं नाई जी यात," मी म्हटलं.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सिस्टर, तुमचा मुद्दा खरा आहे. मी नाही म्हणत नाही. पण जात आली की केस भरकटते. इतरांना सही करायला अवघड जातं."

"अवघड काऊन जाते?"

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"हात त्याईनंच मागं घेतला ना जी. म्हणून अवघड जाते."

"तुम्ही 'इतर वैयक्तिक कागद' मध्ये या," तो म्हणाला. "आम्ही तो शब्द ठेवलाय."

इतर. मी अख्खा जन्म त्या दाखल्यावर काढला, आणि आता 'इतर'मध्ये बसा. तो माणूस वाईट नाई, मले माहीत आहे. खोलीत आली आणि पलंगावर बसली. तेव्हा पहिल्यांदा समजलं का मले काय पायजे. मले कोणाची माफी नको. मले कोणी बाजूच्या खुर्चीवर बसलं पायजे असंही नाई. जे झालं ते लिहिलं गेलं पायजे. जसं झालं तसं, माझ्या नावानं. ते जर 'इतर'मध्ये गेलं तर ते झालंच नाई असं होईल, आणि मीच एक दिवस म्हणीन का झालं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी शैलाताई आली. दार वाजवून आली. हाती तक्रारीचा कागद, सगळ्याईच्या सह्या झालेल्या. माझी जागा कोरी.

"सिस्टर, तुमचीच राहिली. करून टाका ना. सगळ्यांसाठीच आहे हे."

मी हात पुढं केला. तिनं कागद टेबलावर ठेवला. मंग पेन काढलं, आणि पेनही टेबलावर ठेवलं. माझा हात तिच्या पुढ्यातच होता. तिनं पाह्यला नाई असं नाई. पेन टेबलावर ठेवून तिनं ते दोन बोटाईनं माझ्याकडं सरकवलं.

शैलाताईले समजलंही नसेल, तिनं काय केलं. हेच मले सगळ्यात वाईट वाटलं. आणि त्या बधिर अंगात कुठीतरी दुखलं. बरं वाटलं दुखलं म्हणून.

"ताई," मी म्हटलं, "पेन हातात द्या."

"अं?"

"पेन माझ्या हातात द्या. मंग सही करते."

ती उभी राह्यली. मी हात तसाच ठेवला. म्हातारा हात आहे माझा, शिरा आलेल्या, सुया टोचून टोचून बोटं वाकडी झालेली. तिच्या नवऱ्याले छातीत कळ आली होती त्या दिवशी गाडी येईपर्यंत याच हातानं मी त्याले धरून ठेवलं होतं. ते मी तिले बोलली नाई. बोलाची गरज नव्हती, ती तेच पाहून राह्यली होती.

"असं काय करता सिस्टर," ती म्हणाली. "मी कधी काही बोलले का तुम्हाला?"

"नाई बोलल्या."

"मग?"

"पेन द्या."

तिनं कागद उचलला आणि गेली. तिच्या डोळ्यात पाणी होतं, मी पाह्यलं. मले तिची कीव आली नाई. पेन टेबलावरच राह्यलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑटो करून चंद्रपूरले कोर्टात गेली. तिथी बायाईले आणि आमच्या लोकाईले मोफत वकील मिळते. एक तरुण वकील बाई भेटली, चंद्रपूरचीच. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दाखला मीच दिला, हे मी पहिलेच सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग काय झालं? तुम्ही ठेवायला दिला. लागत नव्हता तर परत द्यायचा. त्यांनी तो ठेवला, स्कॅन केला, नेटवर चढवला. वाटायला दिला होता का तुम्ही?"

एवढ्या दिवसात 'दिला काऊन' न पुसणारं हे पहिलं माणूस होतं.

मंग मी ॲट्रॉसिटीचं पुसलं. तिनं पुसलं, लोकांसमोर जातीवरून काय बोलले, शब्द सांगा. मी सांगतलं. "सवय असते हो त्यांना."

"जातीचं नाव घेतलं?"

"नाई."

"मग कठीण आहे. अशक्य म्हणत नाही मी, पण कठीण आहे."

"हात मागं घेतला त्याले कोणतं कलम आहे?"

तिनं पेनले टोपण लावलं. "हाताला सरळ कलम नाही बाई," म्हणाली. "पण संस्थेविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊ. कागद फुटला त्याचा तुम्हाला काय त्रास झाला ते लिहायचंच असतं. तिथं लिहिता येतं. तुमची एकटीची वेगळी तक्रार करता येते. वकील नसला तरी चालतो तिथं, स्वतः बोलता येतं."

"मंग लिहा. नाई, थांबा. मीच लिहिते."

मीच लिहिलं, शैलाताईच्या पेननं. वकील बाईनं वरचं खालचं कायद्याचं घातलं. मधलं माझं. व्हरांड्यात टेबल लावत होती ते लिहिलं. पट्टा टेबलावर पडला ते लिहिलं. बाजूची खुर्ची लिहिली. हॉलमधलं हसू लिहिलं, घशातल्या घशात होतं हेही. पेन सरकवलं ते लिहिलं. कोणाचं नाव घातलं नाई, कारण तक्रार त्याईच्यावर नाई. पण वाचणाऱ्याले आपलं आपण समजेल. हेही खरं का माझ्या या कागदानं वस्तीत सगळे मले आणखीच टाळतील. वकील साहेब म्हणाले, तुम्ही वेगळं गेल्यानं आपली बाजू कमजोर होईल. मी म्हटलं, तुमची होईल जी. माझी आतापर्यंत कुठी होती.

पोरीले फोन करून सांगतलं का मी हैदराबादले येत नाई. इथीच राहते. माझी खोली आहे. ती म्हणाली, तिथी कोण आहे तुझं? मी म्हटलं, कोणी नाई, म्हणूनच.

तक्रार कम्प्युटरवर चढवून झाली. मंग कागदाचा संच घेऊन मी आयोगाच्या खिडकीवर गेली. खिडकीवरचा बाबू कागद पाहू लागला. चांगला माणूस होता, पाणी घेता का म्हणून पुसलं. पहिला कागद पाह्यला आणि थांबला. मीच वर लावला होता. बापानं सांगतलं होतं संगं ठेवजो, मी अख्खा जन्म सगळ्यात खाली ठेवला. त्या दिवशी वर लावला.

"बाई," बाबू म्हणाला, "हा जातीचा दाखला इथी कोणी मागत नाई. काढून घ्या. ग्राहकाच्या केसले लागत नाई हा."

मागं रांग होती. लोक पाहून राह्यले होते.

"मले लागते," मी म्हटलं. "वरच राहू द्या. आणि ठप्पा मारून पोच द्या."